समुद्रकाठ आधी की डोंगर आधी? (१४० किमीच्या वर्तुळाचा प्रश्न)

सावकाश_सायकली
नमस्कार मंडळी. वर्षभरात शंभरच्या आतबाहेर पाच-सहा राइड झाल्या, त्यामुळे अंगात जरा खुमखुमी आली आहे. पुढच्या रविवारी १४० किमीचं वर्तुळ करायचं म्हणतोय. समुद्रकाठाने ६५ किमी रस्ता आहे. त्याच्या दोन्ही टोकांना आत जाणारे घाट, प्रत्येकी साडेबारा किमीच्या आसपास, उंची ६०० मीटर. वर पठारावरून दोन्ही घाटमाथे जोडणारा ५० किमीचा रस्ता. निघायचं आणि परत यायचं किनाऱ्याच्याच एका टोकाला. किनारा आधी केला तर समुद्र डाव्या हाताला राहतो, डोंगर आधी केला तर परतीला उजव्या हाताला. वाहनं डावीकडून चालतात.

तर कुठून सुरू करू? माझं मत किनारा आधी. सपाट आहे, पाय मोकळे होतील, सकाळचा समुद्र बघायला मिळेल. सोबतचा मित्र म्हणतो, "सपाट शेवटाला ठेव, दमल्यावर उपयोगी पडेल." दोघांनाही आपलंच पटतंय.

सायकल साधी रोडबाइक आहे. पुढे ५०/३४, मागे ११-२८ (हे चक्रांचे दाते), टायर २८ मिमी. गावांची नावं मुद्दाम देत नाही, नाहीतर धागा खड्ड्यांवर घसरेल.

तिरकसराव
खड्ड्यांवर धागा नाही, सायकल घसरते. चालू द्या.

गियरगणपत
आधी किनारा की आधी डोंगर हे नंतर बघू, आधी ती ११-२८ कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) काढा. ६०० मीटर भागिले साडेबारा किमी म्हणजे सरासरी चढ ५ टक्क्यांच्या आत, आणि इथेच माणूस फसतो. घाटात मध्येच दोन किमी सपाट असेल तर तो चढ उरलेल्या रस्त्यावर कुठेतरी वसूल होतो. एखादा टप्पा ९-१० टक्क्यांचा निघाला की वेग ताशी ७ वर येणार. चाकाचा घेर २.१ मीटर धरला तर ३४/२८ वर (पुढे ३४, मागे २८) पॅडलचे मिनिटाला जेमतेम ४६ फेरे. त्याला पॅडलिंग नाही, जात्यावर दळण म्हणतात. मागे ३४ दाती असेल तर त्याच वेगाला ५५. हेही काही सुखाचं नाही, पण गुडघे तुम्हाला दुवा देतील. फक्त मागचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) ३४ दाती झेपणारा आहे का ते बघून घ्या. लांब केजचा (म्हणजे चेन ताणून धरणारा त्याचा हात लांब असलेला) लागतो, आणि चेनही बहुधा नवी, लांब घ्यावी लागेल.

सावकाश_सायकली
गणपतराव, रविवारपर्यंत कॅसेट, चेन आणि डिरेलर? घरात विचारावं लागेल.

तिरकसराव
घरात विचारायचं नसतं, घरात सांगायचंही नसतं. पेटी जुनीच वापरायची.

चाकावरची
"किनारा सपाट आहे" हे कुणी सांगितलं? नकाशावर निळ्या रेघेला चिकटून रस्ता दिसला की सगळे तसंच समजतात. समुद्रसपाटी ही समुद्राची असते, रस्त्याची नसते! डोंगराची सोंड पाण्यात घुसली की रस्ता तिच्यावर चढतो, पलीकडे उतरतो, खाडी आली की पुलासाठी आत वळतो, परत चढतो. एकेक चढ ६०-८० मीटरचा. त्याला कुणी नाव देत नाही, पाटी लावत नाही. पण असे आठ-दहा झाले की एक अख्खा घाट होतो, आणि तोही तालात नाही. घाटात निदान एक लय सापडते. इथे लय लागते न लागते तोवर उतार.

इटलीतली मिलान-सान रेमो सायकल शर्यत आठवा. १९०७ पासून चालू आहे, जवळजवळ ३०० किमी. आतल्या मैदानातून निघते, तुर्किनो खिंडीतून (५३२ मीटर) समुद्राकडे उतरते आणि मग किनारा धरते. खरी मारामारी किनाऱ्यावर. मेले, चेर्वो, बेर्ता ही तीन भूशिरं, पुढे चिप्रेस्सा आणि शेवटी पोज्जो. पोज्जो म्हणजे ३.७ किमीचा, सरासरी ४ टक्क्यांच्याही आतला चढ. एरवी कुणी ढुंकून बघणार नाही. पण पायांत २८० किमी असताना तोच निकाल लावतो.

तेव्हा रूट प्लॅनरमध्ये किनाऱ्याची एकूण चढाई बघा आणि इथे सांगा. मी पैज लावते, ५०० मीटरच्या वर निघेल.

निवृत्त पेडल
चाकावरची यांना +१. फ्रान्समधल्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या लांब पल्ल्याच्या राइडबद्दल ऐकलं असेलच. १८९१ मध्ये सुरू झाली, आता चार वर्षांनी एकदा होते. १२०० किमी, ९० तासांच्या आत. देशाच्या आतल्या भागातून अटलांटिकच्या काठापर्यंत जायचं आणि परत फिरायचं. वाटेत म्हणावा असा मोठा पर्वत एकही नाही, तरी एकूण चढाई ११-१२ हजार मीटर होते. सगळी त्या बारक्या टेकड्यांची.

दुसरं, थोडं वडीलकीने. १०० झेपले म्हणून १४० झेपतीलच असं धरू नका. शेवटचे ४० किमी पाय मारत नाहीत, पोट मारतं. दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत, पहिल्या तासापासून. भूक लागल्यावर खाल्लंत तर उशीर झाला असं समजा.

उतारू
मला तर काहीच फरक पडेल असं वाटत नाही. वर्तुळ आहे. जेवढं चढणार तेवढंच उतरणार, वारा एकदा समोर तर एकदा मागे. शेवटी हिशोब सारखाच.

गियरगणपत
@उतारू, हा हिशोब सारखा होत नाही हो, हीच तर मेख आहे. ३० किमी जाऊन ३० किमी परत या. वारा नसताना ताशी ३० ने दोन तास. आता जाताना समोरच्या वाऱ्याने २० झाले आणि येताना मागच्या वाऱ्याने ४०. गेलात दीड तासात, आलात पाऊण तासात. सव्वादोन. वाऱ्याने १० घेतले, १० परत दिले, तरी तुम्ही पंधरा मिनिटांनी खड्ड्यात. घाटाचंही तेच. १० किमी ताशी १० ने चढलात, ४० ने उतरलात, तर सरासरी २५ येत नाही, १६ येते. संथ भागात वेळ जास्त जातो, म्हणून नुकसान नेहमी नफ्याहून मोठं.

उतारू
आयला. म्हणजे निसर्ग व्याज लावतो.

खारा वारा
आयडीला जागून लिहितो. मी आठवड्यातून तीनदा समुद्रकाठाने सायकल मारतो आणि शपथेवर सांगतो की तिथे जाताना समोरून वारा असतो आणि येतानाही समोरूनच असतो. याचं शास्त्रीय कारण कुणी सांगेल का?

तिरकसराव
पोट कमी करा, समोरचा वारा कमी लागेल. (हलके घ्या.)

हवामानवेडा
धाग्यावर उशिरा आलो, पण हा माझा लाडका विषय. जरा लांबण लावतो.

शाळेत पाठ केलेलं आठवा: दिवसा खारे वारे, रात्री मतलई वारे. जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते, तिची जागा घ्यायला समुद्रावरून हवा येते. मतलई वारा पहाटेपर्यंत असतो आणि मवाळ असतो. आकाश निरभ्र असेल तर खारा वारा साधारण सकाळी उशिरा सुरू होतो, दुपारी दोन-तीनच्या सुमारास ऐन जोरात येतो आणि सूर्यास्तानंतर मरतो. तो समुद्राकडून जमिनीकडे येतो, म्हणजे किनाऱ्याच्या रस्त्याला आडवा.

आता खारा वारा यांच्या प्रश्नाचं उत्तर. आडवा वाराही समोरून लागतो. तुम्ही ताशी २५ ने चालला आहात आणि बाजूने ताशी २५ चा वारा आहे. दोन्ही मिळून अंगावर येणारी हवा ताशी ३५ ची होते आणि ती तिरकी, पुढच्या बाजूने येते. सोपं गणित केलं तर पुढे जाण्याला होणारा अडथळा निव्वळ शांत हवेपेक्षा सुमारे ४० टक्के जास्त. वारा बाजूचा, कर समोरचा. म्हणून तुम्हाला जाताना-येताना दोन्हीकडे समोरूनच वाटतो. तुम्ही खोटं बोलत नव्हता.

आता मुख्य गोष्ट. खारा वारा दिवसभर एकाच दिशेने वाहत नाही. पृथ्वीच्या फिरण्यामुळे उत्तर गोलार्धात तो हळूहळू आपल्या उजवीकडे वळत जातो. म्हणजे दुपारी थेट समुद्राकडून येणारा वारा संध्याकाळकडे किनाऱ्याला तिरका होतो. कागदावर काढून बघा: समुद्र उजव्या हाताला ठेवून चालला असाल तर तो उजव्या खांद्याच्या मागून येऊ लागतो. समुद्र डाव्या हाताला असेल तर डाव्या बाजूने, पण पुढून. किनारा कोणत्याही दिशेचा असो, उत्तर गोलार्धात हे असंच. दक्षिण गोलार्धात उलट.

म्हणून माझं मत: डोंगर आधी. घाट सकाळच्या थंडाव्यात. किनारा दुपारी कलल्यावर, समुद्र उजवीकडे. मोठ्या हवामान प्रणालीचा वारा जोरात असेल तर तो ह्या सगळ्याला गिळून टाकतो, म्हणून आदल्या रात्री अंदाज बघा.

खारा वारा
साष्टांग दंडवत. बारा वर्षं स्वतःच्या नशिबाला दोष देत होतो.

चाकावरची
हवामानवेडा, सुंदर प्रतिसाद. वाचनखूण साठवली. पण एक बाजू राहिली. वाहनं डावीकडून, समुद्र उजवीकडे, म्हणजे समुद्र बघायचा तर मध्ये समोरून येणाऱ्यांची लेन. फोटोला थांबायचं तर प्रत्येक वेळी रस्ता ओलांडायचा. समुद्र डावीकडे असेल तर कठड्यालाच सायकल टेकता येते. दुसरी बाजूही सांगते, मग मी आपोआप हरेन: डावीकडून येणारा झोत रस्त्याच्या मध्यावर ढकलतो, उजवीकडून येणारा कडेला. दोन्हीत कडेला बरं. पण कडेला वाळू असते! समुद्राजवळच्या वळणावर वाळूचा पातळ थर असतो, डांबराच्या रंगात मिसळलेला. पुढच्या चाकाखाली तो आला आणि तुम्ही त्याच क्षणी ब्रेक दाबलात की संपलं. माझ्या डाव्या कोपरावर त्याची सही आहे. ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही.

मोडका पंप
सगळे वारा, चढ, गियर बोलतायत. माणूस सायकलवर कशासाठी जातो? मला विचाराल तर ज्या बाजूने जास्त छान दिसेल ती बाजू. वेळ काढून काय करणार आहात?

गियरगणपत
अंधाराच्या आत घरी येणार आहेत.

चाकावरची
मोडका पंप यांचा मुद्दा सोडू नका. छान दिसणं हेही दिशेवरच आहे. समुद्राकडून डोंगरात चढताना समुद्र पाठीला असतो, तो दिसतच नाही. डोंगरातून उतरताना तो समोर उघडतो. मी एकदा अशीच उतरत होते. वर पठारावर कोरडं गवत, हवा हलकी, घाम आल्याचं कळतही नव्हतं कारण आला की वाळत होता, बाहीवर नुसती पांढरी रेघ. उतार सुरू झाला आणि तीन-चार वळणं झाडीतली गार. मग एका वळणावर हवा अंगाला एकदम चिकटली, ओली आणि जड, जणू ओल्या पडद्यातून गेले. समुद्र अजून दिसलाही नव्हता. पुढच्या वळणावर दिसला, झाडांच्या वर, आभाळाहून जेमतेम गडद अशी एक पट्टी. मी पाण्याकडे बघत राहिले आणि वळण हुकता हुकता राहिलं. तेव्हा बघायचं असेल तर थांबून बघा.

निवृत्त पेडल
त्यावरून स्पेनच्या मायोर्का बेटावरचा सा कालोब्राचा रस्ता आठवला. अंतोनियो परिएत्ती नावाच्या अभियंत्याने बांधला, १९३२ मध्ये. खिंडीतून निघून साडेनऊ-दहा किमीत ६८० मीटर खाली थेट समुद्रापर्यंत. एका जागी रस्ता पूर्ण वळसा घेऊन स्वतःच्याच खालून जातो, त्या वळणाला टायची गाठ म्हणतात. गंमत अशी की रस्ता समुद्राशी संपतो. सायकलने परतायचं तर आधी मनसोक्त उतरायचं आणि मग तेच सरासरी ७ टक्क्यांनी चढायचं. कर्ज आधी, हप्ते नंतर.

वंगण
तुम्ही सगळे राइडचं बोलताय, मी दुसऱ्या दिवसाचं बोलतो. समुद्रकाठी तीन-चार तास फिरलात तर घरी आल्यावर झोपायच्या आधी सायकल गोड्या पाण्याने धुवा. हलक्या धारेने. प्रेशरचा फवारा हबवर (चाकाच्या मध्यावर) आणि बॉटम ब्रॅकेटवर (पॅडलच्या आसावर) मारू नका, तो मीठ आत ढकलतो. मग फडक्याने कोरडी करा, चेन पूर्ण वाळली की तेल. उलट क्रम करू नका.

माझी कर्मकहाणी. अॅल्युमिनियमची फ्रेम, कार्बनचा सीटपोस्ट (सीटखालची दांडी). दोन वर्षं समुद्रकाठी चालवली, सीटपोस्ट एकदाही हलवला नाही, कारण उंची बरोबर होती, हलवायचा कशाला? कार्बन आणि अॅल्युमिनियम एकमेकांना लागले आणि मध्ये खारं पाणी शिरलं की अॅल्युमिनियम गंजू लागतं. त्याची पांढरी भुकटी होते, ती फुगते आणि फटीत सिमेंटसारखी बसते. सीट बदलायच्या दिवशी पोस्ट हलेना. पिळला, तेल सोडलं, रात्रभर ठेवला. फ्रेम व्हाइसमध्ये धरायची नाही हे माहीत होतं म्हणून सायकल उलटी करून पोस्ट व्हाइसमध्ये धरला आणि अख्खी फ्रेम फिरवली. आवाज आला तेव्हा वाटलं सुटला. तुटला होता. आतला तुकडा करवतीच्या पात्याने उभा चिरत काढला, तीन संध्याकाळी.

दर दोन-तीन महिन्यांनी पोस्ट काढा, पुसा, कार्बन पेस्ट लावून परत बसवा. पोस्ट धातूचा असेल तर ग्रीस.

तिरकसराव
हे वाचून मी उठून सीटपोस्ट हलवून बघितला. हलला. माझी सायकल आतच असते म्हणा, कपडे वाळत घालायला.

सावकाश_सायकली
सगळ्यांचे आभार. रूट प्लॅनर बघितला. किनाऱ्याची चढाई ६८० मीटर दाखवतोय. घाट ६००. चाकावरची, पैज जिंकलात, मी गप्प बसतो. डोंगर आधी, ठरलं. कॅसेटचं घरात विचारलं. ११-२८ वरच जातोय.

गियरगणपत
देव तुमच्या गुडघ्यांचं भलं करो.

सावकाश_सायकली
(सोमवार) करून आलो! वृत्तांत लिहितो, जिना उतरता येत नाहीये त्यामुळे वेळच वेळ आहे.

पाचला निघायचं होतं, गजर बंद करून झोपलो, साडेसहाला निघालो. घाटाला दीड तास. गणपतराव, तुमचा तो दहा टक्क्यांचा टप्पा होता. बरोबर दीड किमी. तिथे मी फेरे मोजले, ४४ भरले. मग मोजायचं सोडलं. मित्र ११-३४ वर गुणगुणत पुढे गेला.

पठारावर मजा आली, पण तिथे पंक्चर झालं. ट्यूब बदलली, हवा भरली, निघालो, चार किमीत परत बसली. काटा टायरमध्येच राहिला होता. पहिल्यांदा टायरच्या आतून बोट फिरवलं होतं, पण हातमोजा घालून. दुसऱ्यांदा मोजा काढून फिरवलं तेव्हा टोचला, नखाएवढासुद्धा नव्हता. पाऊण तास गेला. घाट उतरेपर्यंत पावणेएक. खालच्या चार किमीत वारा असा समोरून, की उतारावर पॅडल मारावं लागलं.

खाली एका झाडाखाली दोन तास आडवे झालो. पावणेतीनला निघालो. पहिला तास वारा निव्वळ आडवा, पाणी पिताना एका हाताने हँडल धरवत नव्हतं. हवामानवेडा यांना मनात बरंच काही बोललो. माफी असावी. चारच्या पुढे कधीतरी लक्षात आलं की कानातला घोंगावणारा आवाज थांबलाय. वेग २६ आणि पाय तेच. मागे वळून बघितलं तर गवत आमच्या दिशेने झुकलेलं. मित्राला हाक मारून गोलार्ध समजावून सांगायला लागलो, त्याने वेग वाढवला.

भूशिरं एकूण नऊ. सातव्यावर उतरून चाललो. मीटरवर किनाऱ्याची चढाई ७४० भरली. सव्वासहाला घरी.

चाकावरची
वा! अभिनंदन. आणि समुद्र?

सावकाश_सायकली
दिसला. समोरून येणाऱ्या लेनच्या पलीकडे. आठव्या भूशिरावर थांबून रस्ता ओलांडला आणि दहा मिनिटं कठड्यावर बसलो, कारण पाय दुसरं काही करायला तयार नव्हते. पाणी तेव्हा तांबूस झालं होतं. फोटो काढला नाही, फोन मागच्या खिशात होता आणि हात मागे जात नव्हता.

वंगण
सायकल धुतली का?

सावकाश_सायकली
...

वंगण
उठा.